जहांगीर आणि रानातले हत्ती

थंडीचे दिवस होते. बादशहाचे हत्ती आंघोळ करीत होते. हत्तीला पाणी फार आवडते. सोंडेत पाणी भरून घ्यायचे आणि पाठीवर उडवायचे, हा त्याचा रोजचा खेळ असतो. पण त्या थंडीत पाणी अंगावर पडले, की हत्ती कुडकुडू लागत. पीलखान्यातल्या माहुतांना त्यात काही विशेष वाटत नव्हते. दर हिवाळ्यात असेच होत असे. बादशहा मात्र ते बघत राहिला. एवढ्या मोठ्या जनावरालाही आपल्यासारखीच थंडी वाजते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने हुकूम दिला, की हिवाळ्यात हत्तींसाठी पाणी कोमट करून ठेवावे. आपल्या आधीच्या कोणत्याही बादशहाला हे सुचले नव्हते, असे त्याने पुढे मोठ्या आनंदाने लिहून ठेवले.

मुलांनो, हा बादशहा म्हणजे जहांगीर. हे नाव तुम्हांला नवीन नाही. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही त्याच्या न्यायाच्या साखळीविषयी वाचले असेल. नूरजहान बेगमचे नावही तुम्हांला माहीत आहे. सिनेमातल्या सलीम आणि अनारकलीची गोष्ट तर घराघरांत पोहोचलेली आहे. ती गोष्ट जहांगीरच्या आत्मचरित्रात कोठेही नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. आज मी तुम्हांला त्याची दुसरी बाजू सांगणार आहे. या बादशहाला जनावरे आणि पाखरे बारकाईने पाहण्याचा नाद होता. आणि त्यांची शिकार करण्याचाही नाद होता. हे दोन्ही नाद एकाच माणसात होते. त्यामुळे त्याचे चरित्र वाचताना कधी त्याच्यावर प्रेम बसते, तर कधी पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

जहांगीरचे मूळ नाव सलीम. त्याचा जन्म ३१ ऑगस्ट १५६९ रोजी सिक्री येथे झाला. अकबराची मुले जगत नव्हती. म्हणून तो सिक्रीला हजरत शेख सलीम चिश्ती यांच्याकडे दुआ मागायला गेला होता. मुलगा झाला तेव्हा त्यांच्याच नावावरून त्याचे नाव सलीम ठेवले. नवस फेडण्यासाठी अकबर आग्र्याहून अजमेरपर्यंत पायी गेला. तो मुलाला लाडाने शेखूबाबा म्हणत असे. सलीमची आई आंबेरच्या राजपूत राजाची मुलगी होती.

सलीम हत्तींच्या गराड्यातच वाढला, असे म्हटले तरी चालेल. अकबराला हत्तींचे विलक्षण वेड होते. मस्तीत आलेल्या हत्तीवर चढून तो त्याला काबूत आणी. एकदा तर आग्र्याला हत्तींची झुंज चालली असता तो स्वतः एका हत्तीवर बसून दुसऱ्याच्या मागे यमुनेवरच्या नावांच्या पुलावर गेला होता. बघणाऱ्यांचा श्वास अडकला होता म्हणतात. अकबराच्या स्वतःच्या बैठकीसाठी म्हणून १०१ हत्ती राखून ठेवलेले असत. मराठीत हत्तींच्या तबेल्याला पीलखाना म्हणतात. हा शब्द फारसीतील 'फील' म्हणजे हत्ती या शब्दावरून आला आहे. तुम्ही बुद्धिबळ खेळत असाल, तर 'फील' तुमच्या ओळखीचाच आहे.

हे हत्ती येत कोठून? हा प्रश्न पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून येथेच उत्तर बघू. अकबराच्या दरबारातील विद्वान अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात रानहत्ती कोठे कोठे सापडतात, याची यादी दिली आहे. आग्रा सुभ्यात बयावान आणि नरवरच्या जंगलांपासून थेट वऱ्हाडापर्यंत रानहत्ती आहेत, असे त्याने लिहिले आहे. वऱ्हाड म्हणजे आपला विदर्भाचा पश्चिम भाग. माळव्यात हंडिया, चंदेरी, रायसेन, होशंगाबाद या भागांत हत्ती होते. पन्न्याच्या रानातले हत्ती सर्वांत उत्तम मानले जात. आज नकाशा घेऊन ही गावे शोधा. मध्य भारताचा केवढा मोठा पट्टा त्या काळी हत्तींचा होता, हे तुमच्या लक्षात येईल.

सलीम बारा वर्षांचा झाला तेव्हापासून शिकार करू लागला. तरुणपणी त्याला दारूचे आणि अफूचे व्यसन लागले. हे कोणा दुश्मनाने सांगितलेले नाही. त्याने स्वतःच ते लिहिले आहे. पुढे बापाशी त्याचे बिनसले. १६०० साली त्याने बंड केले आणि अलाहाबादला आपला वेगळा दरबार भरवला. १६०२ मध्ये त्याच्या सांगण्यावरून बुंदेला सरदार बीरसिंग देव याने अबुल फजलला ठार केले. ज्या माणसाने हत्तींची एवढी नोंद ठेवली होती, त्याचा शेवट असा झाला. अकबराला याचे अतोनात दुःख झाले. तरीही १६०५ च्या ऑक्टोबरमध्ये अकबर वारला, तेव्हा तख्तावर सलीमच बसला. त्याने जहांगीर, म्हणजे जग जिंकणारा, हे नाव घेतले.

तख्तावर बसताच त्याने आग्र्याच्या किल्ल्यावर सोन्याची साखळी बांधली. तिला साठ घंटा होत्या. कोणावर अन्याय झाला, तर त्याने साखळी ओढावी, म्हणजे बादशहाला खबर लागेल, अशी ती योजना होती. त्याने बारा फर्माने काढली. त्यांतल्या एका फर्मानाने आठवड्यातून दोन दिवस, गुरुवारी आणि रविवारी, जनावरे मारण्याची मनाई केली. गुरुवार हा त्याच्या राज्यारोहणाचा वार आणि रविवार हा अकबराच्या जन्माचा वार होता.

लाहोरजवळ एक शिकारीचे रान होते. तेथे बादशहाचे एक आवडते हरीण होते. त्याचे नाव मनसराज. दुसऱ्या हरणांना फसवून जवळ आणण्यासाठी पाळलेली हरणे असत, त्यांत मनसराजचा हात कोणी धरू शकत नव्हते. ते मेले तेव्हा जहांगीरला चैन पडेना. त्याने हरणाची कबर बांधली आणि तिच्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसवला. १६०७ साली त्याने हुकूम कोरून घेतला, की या मैदानातले हरीण कोणीही मारू नये; हिंदूंनी त्याचे मांस गाईच्या मांसासारखे आणि मुसलमानांनी डुकराच्या मांसासारखे समजावे. वन्यप्राण्यांना अभय देण्यासाठी दोन्ही धर्मांच्या लोकांना समजेल असा हुकूम लिहिणारा राज्यकर्ता विरळाच. त्या जागी उभारलेला हिरण मिनार प्रसिद्ध आहे. ही जागा आता पाकिस्तानात शेखूपुरा येथे आहे. हे शेखू म्हणजे आपला शेखूबाबाच.

हे वाचून तुम्ही म्हणाल, किती दयाळू बादशहा! थोडे थांबा. १६१० साली तो नीलगाईच्या शिकारीला गेला होता. नीलगाय टप्प्यात आली होती. बंदूक रोखलेली होती. इतक्यात एक मोतद्दार आणि दोन भोई समोर आले आणि जनावर बुजून पळाले. बादशहाचा संताप अनावर झाला. त्याने मोतद्दाराला जागच्या जागी ठार मारायला लावले. भोयांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांना गाढवावर बसवून छावणीतून फिरवले. मग त्याने पुन्हा शिकार सुरू केली. ही हकिकतही त्यानेच लिहिली आहे आणि लिहिताना त्याचा हात अडखळलेला दिसत नाही. न्यायाची साखळी आग्र्यात होती. रानात त्या मोतद्दाराला ओढायला काहीच नव्हते.

त्याच्या आत्मचरित्राचे नाव 'तुझुक-ए-जहांगिरी'. ते फारसीत आहे आणि उर्दूतही त्याचा तर्जुमा झालेला आहे. राज्याच्या सतराव्या वर्षापर्यंत तो स्वतः लिहीत होता. मग प्रकृती बिघडली, तेव्हा मुतमद खान या सरदाराला त्याने हे काम सोपवले. लढाया, बढत्या, नजराणे यांची त्यात खूप माहिती आहे. ती पाने मी तरी भराभर उलटली. दख्खनमध्ये मलिक अंबरने त्याच्या फौजांना वर्षानुवर्षे दमवले. त्या मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे, तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. पण जेथे एखादे पाखरू किंवा जनावर येते, तेथे या पुस्तकाचा रंगच बदलतो.

१६१२ साली मुकर्रब खान याने गोव्याहून काही अजब जनावरे आणली. तेथे पोर्तुगीजांची जहाजे येत असत. त्यात एक टर्की होता. कधी न पाहिलेले ते पाखरू बघून जहांगीर थक्क झाला. चिडले, की त्याच्या डोक्यावरची आणि गळ्याची कातडी लाल होते आणि मग पुन्हा रंग बदलतो, हे त्याने बारकाईने लिहिले. त्याच जागी त्याने आपल्या पणज्याची, म्हणजे बाबराची आठवण काढली आहे. बाबराने जनावरांची वर्णने छान लिहिली, पण त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत. जहांगीरने चित्रकारांना ती काढायला लावली. उस्ताद मन्सूर हा त्याचा आवडता चित्रकार होता. १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला, तेव्हा अंगावरचे पट्टे रंगवलेले असतील असा लोकांना संशय आला. नीट तपासल्यावर ते खरेच निघाले. त्या झेब्र्याचे मन्सूरने काढलेले चित्र आजही आहे.

अहमदाबादेत असताना सारसांची एक जोडी त्याच्याजवळ होती. त्यांची नावे लैला आणि मजनू. मादीने अंडी घातली. रात्री मादी अंड्यांवर बसे आणि नर जवळ उभा राहून पहारा करी. सकाळी नर मादीला उठवून स्वतः बसे. किती दिवसांनी पिल्लू बाहेर आले, हे त्याने मोजले : ३४ दिवस. हिंदुस्थानच्या बादशहाला राज्यकारभार सोडून अंड्यांचे दिवस मोजायला वेळ होता, म्हणून तुम्हांला हसू येईल. पण निरीक्षण म्हणतात ते हेच.

हत्तींच्या बाबतीतही त्याने तसेच केले. हत्तीण किती महिने गाभण असते, याबद्दल लोक वेगवेगळे सांगत. त्याने पीलखान्यात नोंद ठेवायला लावली. मादी पिल्लू असेल तर अठरा महिने आणि नर पिल्लू असेल तर एकोणीस महिने, असे उत्तर मिळाले. आजचे शास्त्र हा काळ साधारण २० ते २२ महिने सांगते, म्हणजे त्याचा हिशेब थोडा कमी भरला. तरी तो फारसा दूर नव्हता. एका हत्तिणीची वीण तर त्याच्या डोळ्यांसमोर झाली. माणसाचे मूल डोक्याकडून येते आणि हत्तीचे पिल्लू पायांकडून आले, हे त्याने टिपले. आईने पायाने पिल्लावर धूळ टाकली आणि त्याला जवळ केले. पिल्लू क्षणभर पडून राहिले, मग उठले आणि आईच्या दुधाकडे गेले.

आता दुसरे पान उलटू. १६१७ च्या सुमारास बादशहाच्या मनात आले, की आपण आजवर किती शिकार केली ते मोजावे. शिकारीच्या दफ्तरातून हिशेब निघाला. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली होती. त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली होती : ३,२०३ चार पायांची जनावरे आणि १३,९६४ पाखरे. त्यात ८६ वाघ-सिंह आणि ८८९ नीलगाई होत्या. कबुतरेच दहा हजारांवर होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक झाली असेल असे वाटून पुन्हा वाचला. चूक नव्हती. अंड्यांचे दिवस मोजणारा आणि मेलेली पाखरे मोजणारा माणूस एकच होता.

रानहत्तींना मात्र शक्यतो मारत नसत. त्यांना जिवंत पकडत. हत्ती म्हणजे त्या काळचा रणगाडा आणि मालमोटारही. युद्धात, मिरवणुकीत, ओझी वाहायला, नजराणा द्यायला हत्ती लागत. गुन्हेगाराला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षाही जहांगीर देत असे. त्याच्या काळात आग्र्याला आलेल्या विल्यम हॉकिन्स या इंग्रजाने बादशहाच्या हत्तींची संख्या बारा हजार सांगितली आहे. प्रवासी वाढवून सांगतात, हे खरे; पण निम्मा आकडा धरला तरी तो थोडा नाही.

१६१८ साली जहांगीर गुजरातेत होता. माळवा आणि गुजरात यांच्या हद्दीवर दाहोद गाव आहे. दोन हद्दींवर, म्हणून ते दोहद. याच गावी त्या वर्षी त्याचा नातू औरंगजेब जन्मला. दाहोदच्या दाट जंगलात तेव्हा रानहत्तींचे कळप होते. बादशहाच्या हुकमाने स्वारांनी आणि पायदळाने जंगलाला वेढा घातला. जहांगीरसाठी एका झाडावर लाकडी बैठक बांधली होती. भोवतालच्या झाडांवर सरदार बसले होते. खाली फासे घेतलेले माहूत पाळीव हत्तींवर बसून तयार होते. हाकारे सुरू झाले. पण झाडी इतकी दाट आणि जमीन इतकी उंचसखल होती, की हाकाऱ्यांची रांग मोडली आणि हत्ती पांगले. पहिल्या दिवशी थोडेच हाती लागले. मग उन्हाळा सुरू झाला आणि बादशहा अहमदाबादेला परत गेला. शिकारी मात्र रानातच राहिले. शेवटी हिशेब झाला तेव्हा १८५ हत्ती पकडले गेले होते. त्यांत ७३ नर आणि ११२ माद्या होत्या.

जहांगीरने हा आकडा समाधानाने लिहिला. मुलांनो, आपण तो जरा वेगळ्या नजरेने वाचू या. हत्तींचा कळप म्हणजे एक कुटुंब असते. त्यात माद्या आणि पिल्ले असतात. एखादी वयस्कर मादी, आपल्या घरातल्या दादीसारखी, सर्वांना चालवते. कोणत्या ऋतूत कोठे चारा मिळेल, कडक उन्हाळ्यात कोणत्या नाल्यात पाणी राहील, हे तिला ठाऊक असते. मोठे झालेले नर कळप सोडून एकटे हिंडतात. हत्तिणीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर असते. ससा किंवा डुक्कर यांची संख्या मारली तरी लवकर भरून येते. हत्तींचे तसे नाही. एका रानातून ११२ माद्या नेल्या, तर त्या रानात राहिले काय?

आणि पीलखान्यात गेलेल्या हत्तींना पिल्ले फार कमी होत. म्हणूनच तर बादशहाला एका वीणेचे एवढे अप्रूप वाटले. पीलखाना भरलेला ठेवायचा, तर पुन्हा पुन्हा रानाकडेच जावे लागे. हे एकट्या जहांगीरने केले असे मात्र समजू नका. त्याच्या आधीही राजे हत्ती पकडत होते आणि नंतर इंग्रजही पकडत राहिले. त्याबरोबर जंगलेही तुटली, शेती वाढली. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. त्यासाठी तो मैलोन् मैल फिरतो. त्याच्या लिदीतून झाडांच्या बिया दूरवर पडतात आणि नवी झाडे उगवतात. त्यामुळे हत्ती गेले, की रानही बदलत जाते. आज दाहोदच्या रानात एकही रानहत्ती नाही. नरवरला नाही, चंदेरीला नाही.

गेंड्याचीही गोष्ट अशीच आहे. ती जहांगीरच्या पणज्याच्या पुस्तकात आहे. बाबर पेशावरच्या आसपास गेंड्यांची शिकार करीत असे. होय, पेशावरच्या! १५१९ साली स्वातच्या बाजूला त्याने गेंड्यांसाठी जंगलाला आग लावली. मादी निसटली, भाजून तडफडणारे पिल्लू तेवढे हाती लागले. १५२५ च्या डिसेंबरात पेशावरजवळ त्याने गेंड्यासमोर हत्ती आणून पाहिला. दोघांची झुंज कशी होते हे त्याला बघायचे होते. गेंडा तोंड फिरवून पळून गेला. सरयू नदीच्या काठीही गेंडे असल्याचे त्याने लिहिले आहे, आणि काल्पीपासून पूर्वेकडे जावे तसतसे रानहत्ती वाढत जातात, असेही. जहांगीरने पणज्याच्या हातचे हे तुर्की पुस्तक वाचले होते. १६०७ मध्ये काबूलला ते हाती आले, तेव्हा त्यात त्याने स्वतः काही मजकूर तुर्कीत लिहिला.

आता पेशावरजवळ रानात गेंडा नाही. एकशिंगी गेंडा उरला आहे तो मुख्यतः आसामात, उत्तर बंगालमध्ये आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसामातही तो संपत आला होता. १९०८ साली काझीरंगा राखीव जंगल झाले, शिकार थांबली, आणि २०२२ च्या गणतीत तेथे २,६१३ गेंडे मोजले गेले. हत्तींसाठीही कायदे झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७७ मध्ये हत्तीला त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. १९९२ मध्ये हत्ती प्रकल्प सुरू झाला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार भारतात सुमारे २२,४४६ रानहत्ती आहेत. हा अंदाज लिदीतल्या डीएनएवरून काढला आहे. जहांगीरला ही युक्ती नक्की आवडली असती.

आपल्या महाराष्ट्रातही रानहत्ती पुन्हा आले आहेत. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गात उतरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत आला. त्यांनी शेते तुडवली, घरे पाडली, माणसेही दगावली. ज्याचे भात एका रात्रीत गेले, त्या शेतकऱ्याला हत्तीचे कौतुक ऐकवून चालणार नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळायला हवी. पण हत्ती परक्या मुलखात घुसले, असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला अबुल फजलच्या यादीतले वऱ्हाड आठवते.

जहांगीरकडे परत येऊ. पन्नाशी उलटली, की बंदुकीने शिकार करायची नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. १६१८ मध्ये त्याचा लाडका नातू शुजा खूप आजारी पडला. दवा लागू पडेना. तेव्हा जहांगीरने अल्लाहजवळ मन्नत मागितली, की हे मूल वाचले, तर मी माझ्या हाताने कोणत्याही जिवाला इजा करणार नाही. शुजा बरा झाला. बादशहाने बंदूक ठेवून दिली. सुमारे चार वर्षे त्याने हा शब्द पाळला. मग १६२२ मध्ये शुजाच्या बापाने, म्हणजे शाहजहानने, बंड केले. स्वतः जहांगीरने जे बापाशी केले होते, तेच मुलाने त्याच्याशी केले. त्या संतापात त्याने मन्नत मोडली आणि पुन्हा बंदूक हातात घेतली. हरणांचा या भांडणाशी काय संबंध होता, हे मला अजून कळलेले नाही.

शेवटची वर्षे हालांत गेली. त्याला दम्याचा त्रास होता. कारभार बहुतेक नूरजहान बघत असे. १६२६ मध्ये महाबत खान या सरदाराने झेलम नदीच्या काठी बादशहालाच ताब्यात घेतले. नूरजहान पलीकडच्या तीरावर होती. तिने हत्तीवर बसून नदीत उडी घेतली. अंबारीत तिच्याजवळ तिची तान्ही नात होती. चहूकडून बाण येत होते. मुलीच्या दाईला बाण लागला. हत्तीवर वार झाले, तरी तो पोहत माघारी काठाला लागला आणि बेगम वाचली. बादशहाची सुटका मात्र पुढे युक्तीने करावी लागली.

१६२७ च्या शरद ऋतूत तो काश्मीरहून लाहोरकडे निघाला. शरीर खंगले होते. वाटेत बैरमकला नावाचे ठिकाण आहे. तेथे त्याला शिकारीची इच्छा झाली. तो खाली बसून राही आणि गावचे लोक कड्यावरून हरणे हाकलत आणत. एका हरणाला गोळी लागली. ते कड्यावर अडकून पडले. एक पायदळी शिपाई त्याला धरायला पुढे गेला, त्याचा पाय निसटला आणि तो खोल दरीत कोसळून मेला. मुतमद खान याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. मेलेल्या शिपायाची आई रडत आली. बादशहाने तिचे सांत्वन केले, तिला पैसे दिले. पण त्या क्षणापासून त्याचे मन थाऱ्यावर राहिले नाही. जणू मृत्यूचा फरिश्ताच त्या शिपायाच्या रूपाने समोर येऊन गेला, असे त्याला वाटू लागले. ज्याने १६१० मध्ये एका मोतद्दाराचा जीव शिकारीपायी घेतला आणि शिकार चालू ठेवली, त्याला या शिपायाचे मरण विसरता येईना.

तेथून पुढे थोड्याच मुक्कामांनंतर, ऑक्टोबर १६२७ च्या अखेरीस, वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय ५८ वर्षांचे होते. त्याला लाहोरला नेऊन रावी नदीपलीकडे शाहदऱ्याच्या बागेत दफन केले. तेथून काही कोसांवर शेखूपुऱ्याला मनसराज हरणाचा मिनार अजून उभा आहे. मिनारापुढे मोठा तलाव आहे. सुटीच्या दिवशी तेथे शाळेच्या मुलांच्या सहली येतात.